आसुंताच्या मुठीतला दाणा

“केरू, ह्या म्हातारीनं मला शिवी दिली.”

साळोखे नाईक रागानं लाल होऊन आत शिरले, तेव्हा मी परातीत कणीक मळत होतो. आमच्या मराठा कंपनीचा मी लांगरी, म्हणजे स्वयंपाकी. इटलीतल्या एका डोंगरगावात आसुंता नावाच्या म्हातारीच्या गोठ्यात माझी चूल होती. साल एकोणीसशे चव्वेचाळीस, ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा.

“कसली शिवी?” मी विचारलं.

“साले म्हणाली. एकदा नाही, तीनदा. तेही हात पुढं करून.”

“तुमचं नाव अर्धं घेतलं असंल. साळोखे म्हणायला जड जातं म्हातारीला.”

“मी शाळामास्तर होतो केरू. नाव आणि शिवी यांतला फरक मला कळतो.”

एवढ्यात म्हातारी स्वतःच दारात आली. काळा झगा, काळं फडकं, पायांत लाकडी तळाचे जोडे. तिनं हात पुढं केला आणि म्हणाली, “साले, साले.” मग तीन बोटं जुळवून हवेतच काहीतरी भुरभुरवलं, बोट जिभेला लावलं आणि तोंड वाईट केलं.

नाईकांना इंग्रजी येत होतं, थोडं इटालियनही येत होतं. पण हे समजायला लांगरीच लागतो. मी पोत्यात हात घातला आणि तिच्या ओंजळीत दोन मुठी मीठ घातलं. म्हातारीनं एक खडा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. त्या गावात आठ महिने मीठ आलं नव्हतं.

“म्हणजे ह्यांच्यात मिठाला साले म्हणतात,” नाईक म्हणाले. “बरं झालं, मी उलट शिवी दिली नाही.”

“दिलीत की. मला इथवर ऐकू आली.”

“ती मराठीत होती. ती धरायची नाही.”

त्या दिवसापासून आसुंता मला सरपण देई, कांदे देई. मिठाच्या बदल्यात तिनं पायलीभर घेवडाही दिला. आमच्याकडचा वाघ्या घेवडा असतो ना, अगदी तसाच, अंगावर पट्टे असलेला. तो हातात घेतला आणि मला कोरेगावचा बाजार आठवला. म्हातारीची एकच गोष्ट मला उमगत नव्हती. नाईकांनी मला हाक मारली, “केरू!”, की ती हातातलं काम टाकून वळायची आणि माझ्याकडं टक लावून बघायची. माझं नाव घेतल्यावर ह्या बाईला काय होतं, ते कळेना. मी मिठाचं पोतं जरा आत सरकवून ठेवलं.

तीन दिवस पाऊस कोसळला आणि खालचा पूल वाहून गेला. त्यामुळं तीन परके गडी आमच्या गोठ्यात अडकले. एक इंग्रज, रसदीच्या लॉरीचा ड्रायव्हर, नाव पर्सी. आमच्या पोरांनी त्याचं परशा केलं. दुसरा अमेरिकन, टेलिफोनच्या तारा टाकणारा एल्मर. त्याचं झालं अंबर. तिसरा पोलंडचा, फटफटीवरून टपाल नेणारा स्तानिस्लाव. त्याच्या नावाचं काय करावं हे कुणाला सुचेना, तेव्हा नाईकांनीच त्याला तानाजी करून टाकलं. त्याला ते इतकं आवडलं की तो स्वतःच छातीवर हात ठेवून “तानाजी” म्हणायला लागला. तो मध्यंतरी इथल्या दवाखान्यात पडून होता, म्हणून त्याला इटालियन चांगलं येई, इंग्रजीही मोडकंतोडकं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही टेबलाभोवती बसून घेवडा निवडत होतो. बसून खाता म्हणून मी सगळ्यांना कामाला लावलं होतं. तिथंच भांडण सुरू झालं.

परशानं चहाचा मग आपटला. नाईक मला एकेक वाक्य मराठीत सांगत होते.

“हा म्हणतो, चाळीस साली सगळं युरोप आडवं झालं होतं. एकटं इंग्लंड उभं होतं. वर्षभर. एकटं.” मग नाईकांनी पुस्ती जोडली, “एकटं म्हणे! मी तेव्हा आफ्रिकेत काय कुणाच्या उसाला पाणी द्यायला गेलो होतो?”

“हे त्याला सांगा की.”

“सांगतो.” नाईक इंग्रजीत काहीतरी बोलले. परशा खूश होऊन हसला.

“काय सांगितलंत?”

“म्हटलं, चहा उत्तम आहे.”

अंबर उठला. त्यानं परशाची लॉरी दाखवली, स्वतःचे बूट दाखवले, गोमांसाचा डबा दाखवला आणि शेवटी माझ्या मोठ्या पातेल्यावर टिचकी मारली. हे सगळं कुणी दिलं? अमेरिकेनं. आम्ही नसतो तर तुम्ही सगळे अनवाणी आणि उपाशी लढला असता.

“तुम्ही उशिरा आलात,” परशा म्हणाला, “म्हणून तुमचे बूट नवे राहिले.”

“ते पातेलं माझं आहे,” मी नाईकांना म्हटलं. “पुण्यात कल्हई केलेलं आहे. सांगा त्याला.”

तानाजीनं हातातला घेवडा खाली ठेवला. मग तो म्हणाला, पहिला घाव आमच्यावर बसला. आमचा देश नकाशावरून पुसला गेला, तरी आम्ही लढतोय. आणि इथल्या कासिनोच्या डोंगरावर शेवटी झेंडा कुणी लावला?

“शेवटी लावला खरा,” परशा म्हणाला. “पण त्याआधी चार महिने त्या डोंगराखाली आम्ही सगळेच मरत होतो. आणि खरं विचाराल, तर सगळ्यांत जास्त माणूस घातला रशियानं.”

नाईकांना हे भाषांतरायला वेळच मिळाला नाही. तानाजी बाक पाडून उठला आणि त्यानं परशाची गचांडी धरली. ह्या रशियनांनीच त्याला घरातून उचलून सैबेरियात लाकडं तोडायला नेलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. मी परात मध्ये घातली. थोडा घेवडा सांडला. आसुंता चुलीपासून ओरडली, बहुतेक घेवड्यासाठी.

“बसा!” नाईक असे गरजले की तिघंही बसले. मास्तरकीचा आवाज कुठल्याही देशात चालतो. “वीस लाख माणूस आमचा आहे ह्या लढाईत. तुमचे देश तुमचे आहेत, ते तुम्ही राखताय. आमचा देश अजून आमच्या हातात नाही, तरी आम्ही इथं आहोत. हे कुठल्या मापानं मोजायचं, सांगा.”

हे त्यांनी आधी मराठीत म्हटलं, मग इंग्रजीत. ह्या वेळी चहाचं नाव काढलं नाही. परशानं मग बाजूला सारला.

“आता मी सांगतो तसं मोजायचं,” नाईक म्हणाले. “देशाचं नाव घ्यायचं नाही, लाखाचा आकडा सांगायचा नाही. आपल्या ओळखीचा जो माणूस ह्या लढाईत गेला, त्याचं नाव घ्यायचं आणि एक दाणा पुढं ठेवायचा. नाव आठवलं नाही तर दाणा नाही.”

परशानं चार दाणे भराभर ठेवले. पाचवा हातात धरून तो थांबला. बहीण आहे, म्हणाला. धुलाईच्या दुकानात कामाला होती, बॉम्बखाली गेली. शिपाई नव्हती, चालेल का? कुणी नको म्हटलं नाही.

सगळ्यांत मोठ्या आवाजाचा अंबर, त्याचे तीनच दाणे झाले. तिसऱ्याला त्याला नाव आठवेना. मंगळवारी आला आणि शुक्रवारी गेला, म्हणाला, आम्ही त्याला ‘तांबड्या’ म्हणायचो. नाईकांनी मास्तरासारखी मान हलवली आणि तांबड्या चालेल म्हणाले.

तानाजी ठेवत राहिला. नाव, दाणा. नाव, दाणा. तो थांबेचना. शेवटी आम्हीच माना खाली घातल्या. परशानं आपल्या पुढ्यातले न निवडलेले दाणे हळूच त्याच्याकडं सरकवले.

मी दोन ठेवले. मग नाईकांची पाळी आली. ते प्रत्येकाचं गावही सांगत. “हैबती मोहिते, रहिमतपूर. बाळकू सणस, मेढा. ज्ञानू पिसाळ, ओझर्डे. हे तिघं एकाच दिवशी, केरेनच्या डोंगरावर.”

चुलीपाशी झाकण पडलं.

आसुंता टेबलापाशी आली. “केरेन?” ती नाईकांना म्हणाली. मग माझ्याकडं बोट करून पुन्हा, “केरेन?”

“नाही, तो केरू,” नाईक म्हणाले. “त्याचं नाव केरू. केरेन हा आफ्रिकेतला डोंगर आहे. तिथं आम्ही तुमच्याच लोकांशी...” बोलता बोलता ते थांबले आणि त्यांचा चेहरा उतरला. माझ्याही तेव्हाच ध्यानात आलं. आठ दिवस नाईक मला हाका मारत होते, आणि प्रत्येक हाकेला ही बाई त्या डोंगराचं नाव ऐकत होती.

ती आत गेली आणि एक फोटो घेऊन आली. टोपीला पीस लावलेला एक तरणा शिपाई, कान जरा पुढं आलेले. तानाजी ऐकून आम्हाला सांगत गेला. हा हिचा एकुलता एक पोरगा, नीनो. तो केरेनच्या लढाईत होता. एक्केचाळीस सालापासून काही खबर नाही. सरकारनं कळवलं, सापडत नाही. मग सरकारच पडलं.

आसुंतानं टेबलावरचा एक दाणा उचलला आणि मुठीत धरला. ती नाईकांकडे बघून काहीतरी म्हणाली. छोटंसंच वाक्य होतं.

“ती विचारते,” तानाजी म्हणाला, “तू तिथं होतास. हा दाणा इथं ठेवू की नको?”

नाईक आयुष्यभर भांडणं मिटवत आले होते. कडू बोलणं गोड करून सांगायची त्यांना सवय होती, आणि आता तर सोपं होतं. जिवंत आहे म्हणायचं, झालं. त्यांनी फोटो हातात घेऊन नीट पाहिला.

“पिसाच्या टोपीवाले आमच्या समोरच होते,” ते म्हणाले. “आम्ही त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्यांनी आमच्यावर. शेवटच्या दिवशी पुष्कळ जण पकडले गेले. हा त्यांत होता का, मला सांगता येत नाही.”

तानाजीनं तिला सांगितलं. पण त्याचं सांगणं नाईकांच्या बोलण्यापेक्षा बरंच लांबलं.

“काय वाढवलंस त्यात?” नाईकांनी दरडावलं.

“माझं वाढवलं,” तानाजी म्हणाला. “मी दोन वर्षं रशियनांच्या कैदेत होतो. तिथून सुटून इथं आलोय, हे माझ्या आईला अजून माहीत नाही. तिनं माझा दाणा ठेवला असेल, तर तिची मोजदाद चुकली आहे. एवढंच सांगितलं.”

आसुंतानं मूठ मिटली आणि झग्याच्या खिशात घातली.

मग गोठ्यात पुन्हा भांडण पेटलं. आता ते नीनोवरून होतं. परशा म्हणाला, तो नक्की इंग्रजांच्या ताब्यात असणार, आणि आम्ही कैद्यांना इतकं खाऊ घालतो की माझ्या काकाच्या शेतावरचे दोन इटालियन आता दारातून आत मावत नाहीत. अंबर म्हणाला, हॅट्! अमेरिकेत कैद्यांना रविवारी आइस्क्रीम मिळतं. नाईक म्हणाले, केरेनचे कैदी हिंदुस्थानात नेलेत, मला ठाऊक आहे, आणि आमच्याकडं दारात आलेल्या माणसाला कुणी उपाशी ठेवत नाही. तानाजी हे सगळं आसुंताला सांगत होता. आइस्क्रीमवर ती पहिल्यांदा हसली. तिला ते खोटं वाटलं.

संध्याकाळी नाईकांनी इंग्रजीत अर्ज लिहिला. अमुक गावची अमुक बाई, तिचा मुलगा अमुक, तो तुमच्या कैदेत असल्यास कळवावे. परशा म्हणाला, माझ्याकडं द्या, आमच्या कचेरीत पोचवतो. अंबर म्हणाला, इंग्रजांच्या कचेरीत द्याल तर उत्तर येईपर्यंत नीनो म्हातारा होईल, माझ्याकडं द्या. तानाजी म्हणाला, आमचे पाद्रीबुवा थेट रोमला लिहितात. तेव्हा नाईकांनी तीन प्रती केल्या आणि एक आपल्या सुभेदारसाहेबांसाठी, अशा चार. कुणाची सही आधी, यावरूनही तोंडातोंडी झाली. आसुंतानं नाईकांच्या हातातून टाक ओढून घेतला आणि सगळ्यांच्या आधी चारही कागदांवर फुली मारली. मला सही येत नव्हती. ती मी पुढं बावन्नाव्या वर्षी शिकलो. मी तव्याच्या काजळीत अंगठा बुडवून तिच्या फुलीशेजारी उठवला.

टेबलावर ते दाणे तसेच होते. ते शिजवायला माझा हात होईना. मेलेल्यांच्या नावानं मांडलेले दाणे कसे खायचे? आसुंतानं मला बाजूला सारलं आणि सगळे ओंजळींनी पातेल्यात लोटले. तानाजी म्हणाला, ह्या आठवड्यात इथं मेलेल्यांचा दिवस असतो आणि त्यांच्या नावानं घेवडाच खातात. म्हणजे आमची पित्रंच. मग मला धीर आला. मी कांदा आणि मिरची घालून आमटी केली. परशाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि तो म्हणाला, तिखटामुळं.

पूल झाला, तिघं गेले. आम्हीही पुढच्या खोऱ्यात सरकलो. थंडी सरत आली तेव्हा एक दिवस टपाल आलं, आणि साळोखे नाईक कागद फडकवत पळत आले. मास्तर माणूस पळताना मी तेवढ्या एकाच वेळी पाहिला.

“जिवंत आहे! भोपाळच्या छावणीत आहे. आणि केरू, लेका, तिथं काय करतो म्हणतोस? लांगरी आहे! कैद्यांचा स्वयंपाक करतो!”

कुठल्या प्रतीचं हे उत्तर, ते कागदावर नव्हतं. परशा रसद घेऊन आला तेव्हा म्हणाला, अर्थात माझ्या. अंबरनं लॉरीवाल्यांबरोबर निरोप धाडला की त्याच्या, आणि तानाजीच्या मते पाद्रीबुवांच्या. आमचे सुभेदारसाहेब मिशीला पीळ देऊन नुसतेच हसले.

“तुम्ही जा सांगायला,” मी नाईकांना म्हटलं.

“मी नाही. मी तिच्या पोरावर गोळ्या झाडलेला माणूस. तू तिला मीठ दिलंस, तू जा.” त्यांनी मला वाक्य पाठ करून दिलं. “नीनो वीवो. वीवो म्हणजे जिवंत. म्हण.”

परशाच्या लॉरीतून चाळीस मैल मी “नीनो वीवो, नीनो वीवो” करत गेलो. परशा वैतागला आणि त्यानं शेवटी त्याचं गाणंच केलं. आसुंताच्या दारात उतरलो. ती पातेल्यात डाव फिरवत होती. तिनं वर पाहिलं, आणि माझं वाक्य पळालं. पार पळालं. एक हात झग्याच्या खिशात तसाच ठेवून ती उभी.

“नीनो,” मी म्हणालो. पुढचं येईना. तो माझ्यासारखाच लांगरी आहे, हे तरी सांगावं म्हणून मी छाती ठोकली. “नीनो... केरू!”

म्हातारी भिंतीला धरून खाली बसली. तोंडाचा रंग गेला. काय ऐकलं तिनं, ते एका क्षणात माझ्या लक्षात आलं.

“न्हाई, न्हाई! केरेन न्हाई! केरू, केरू!” मी तिच्या हातातला डाव ओढून घेतला, पातेलं ढवळलं, आमटी चाखली, मिशा पुसल्या, ताटं वाढायची नक्कल केली. “नीनो! इंदिया! नीनो, असा, असा!” पोळ्या लाटल्या. चूल फुंकली. धूर डोळ्यांत गेल्याचंही केलं. दाराबाहेर शेजारणी जमल्या. परशा लॉरीतून ओरडला, “वीवो, यू फूल, वीवो!”

“वीवो!” मी किंचाळलो. “नीनो वीवो!”

आसुंता उठली. माझ्या हातातून तिनं कागद घेतला आणि उलटा धरला. मीही तो उलटाच दिला होता. मग तिनं डाव घेतला आणि माझ्या पाठीत, खांद्यावर, दंडावर असे काही रट्टे दिले की मी चुलीभोवती पळालो. मारता मारता ती रडत होती आणि हसतही होती. शेजारणीही तशाच. परशानं मला सोडवायचं सोडून टाळ्या वाजवल्या.

अंधार पडायच्या आत आम्ही परत आलो. साळोखे नाईक रस्त्यावर येऊन उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे.

“काय म्हणाली?” त्यांनी विचारलं.

“मारलं मला. डावानं. हे बघा, वळ उठलेत.”

नाईकांनी माझा दंड उजेडाकडं वळवला आणि ते वळ एकेक करून निरखून पाहिले.

“मग झालं तर,” ते म्हणाले. “केरेनच्या डोंगरावर खऱ्या अर्थानं आपण आज जिंकलो.”